घरोटाजवळची गाणी



स्मरणिकेसाठी प्रत्येकाने लहानपणच्या आनंदाच्या गोष्टी लिहायच्या, असं ग्रुपवर ठरलं आणि दोन दिवस मेसेजचा पाऊस पडला. कोणाला आखाजीचा झोका आठवला, कोणाला गच्चीवर वाळत घातलेले बिबडे, कोणाला शेतातलं भरीत. गाण्यांचा विषय निघाला तेव्हा मात्र एक गंमत झाली. सिनेमातली गाणी प्रत्येकाची वेगळी होती, पण घरातलं गाणं विचारलं की आपल्यापैकी बहुतेक जण एकाच नावापाशी येऊन थांबले. बहिणाबाई. कोणी ती गाणी आजीकडून ऐकलेली, कोणी कॅसेटवर, कोणी शाळेत मराठीच्या बाईंकडून चालीवर शिकलेली. म्हणून माझ्या वाट्याच्या पानांत बहिणाबाईंबद्दलच लिहायचं ठरवलं. मी साहित्याची विद्यार्थिनी नाही. वीस वर्षांहून अधिक काळ सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करते आहे. त्यामुळे हा लेख समीक्षा म्हणून वाचू नका. आपल्याच गावातल्या एका बाईंची गोष्ट म्हणून वाचा.

आधी एक खुलासा, कारण पुण्या-मुंबईकडे हा घोळ हमखास होतो. तुकारामांच्या शिष्या संत बहिणाबाई वेगळ्या, त्या सतराव्या शतकातल्या. आपल्या बहिणाबाई चौधरी जळगावच्या. त्या गेल्या तेव्हा आपल्यातल्या अनेकांचे आईवडील जन्मलेही होते, इतका हा काळ जवळचा आहे.

त्यांचा जन्म १८८० साली नागपंचमीच्या दिवशी आसोद्याला झाला. आसोदा म्हणजे जळगावला अगदी लागून असलेलं गाव. हिवाळ्यात भरिताची वांगी म्हटलं की आपल्याला जे आठवतं तेच. वडील उखाजी महाजन, आई भीमाई. घर लेवा पाटलाचं, शेतकऱ्याचं. घमा, गना आणि घना हे तीन भाऊ, अहिल्या, सीता आणि तुळसा या तीन बहिणी आणि बहिणाबाई धरून सात भावंडं. शाळेचा प्रश्नच नव्हता. शेतकऱ्याच्या मुलीने शाळेत जावं असं त्या काळी घरालाही वाटत नव्हतं आणि गावालाही. त्या कधी लिहायला-वाचायला शिकल्या नाहीत, शेवटपर्यंत नाही.

पण कानावर मात्र सतत काहीतरी पडत होतं. खेड्यातल्या मुलीचं लहानपण तेव्हा गाण्यांनी भरलेलं असे. पहाटे दळणाच्या ओव्या, देवळात भजन-कीर्तन, आखाजीला गौराईची गाणी, लग्नात हळदीची आणि मुलगी सासरी निघाली की निरोपाची. यातलं एकही गाणं कोणी शिकवत नसे. आई दळायला बसली की मुलगी शेजारी बसायची, खुंट्याला हात लावायची आणि हाताबरोबर गाणंही उचलायची. आज आपण मुलांना गाण्याच्या क्लासला सोडतो आणि बाहेर गाडीत बसून राहतो. त्या काळी क्लास घरातच होता आणि तो रोज पहाटे भरत असे.

तेराव्या वर्षी त्यांचं लग्न जळगावच्या नथुजी खंडेराव चौधरी यांच्याशी झालं. आसोद्याहून जळगाव हे अंतर आज रिक्षाने काही मिनिटांचं आहे, पण सासर ते सासरच. त्यांच्या गाण्यांत माहेर पुन्हा पुन्हा येतं. माहेरच्या वाटेवरचे दगडधोंडेसुद्धा ओळखीचे वाटावेत इतक्या मायेने येतं. इतकं जवळचं माहेर असून त्याची एवढी ओढ का, असा प्रश्न पुरुषमंडळींना पडू शकतो. आपल्या वर्गातल्या मुलींना तो पडणार नाही.

जळगाव तेव्हा कापसाच्या व्यापारावर वाढत होतं. रेल्वे आलेली होती, बाजारपेठ मोठी होत होती. चौधरींचं घर शेतीवाडीचं. घरचं सगळं आवरून शेतावर जायचं, निंदणी, खुरपणी, वेचणी, मळणी, उफणणी अशी हंगामाप्रमाणे कामं करायची आणि संध्याकाळी परत चुलीपुढे बसायचं, हा त्यांचा आयुष्यभराचा दिनक्रम. यात वेगळं असं काहीच नव्हतं. आपल्या सगळ्यांच्या आज्या-पणज्या हेच करत होत्या. वेगळं एवढंच की हे करताना बहिणाबाई नुसती ऐकलेली गाणी म्हणत नव्हत्या, नवी रचत होत्या.

त्यासाठी त्यांना काम थांबवून कुठे बसावं लागलं नाही, हे मला सगळ्यांत विलक्षण वाटतं. समोर जे काम असेल तेच गाण्याचा विषय होई. आपल्याकडे जात्याला घरोट म्हणतात. घरोट फिरतो आहे, त्यातून पीठ पडतं आहे, त्यावर गाणं. पेरणी होऊन जमिनीतून कोंब वर येतो, त्यावर गाणं. उफणताना वारा पडला तर वाऱ्याला साद घालणारं गाणं. मोट चालते आहे, त्यावर गाणं. पोळ्याला बैल सजतात, पाडव्याला गुढी उभी राहते, आखाजीला झोके बांधले जातात, प्रत्येकाला गाणं. झाडाला लटकलेला सुगरणीचा खोपा दिसला, तर एवढ्याशा पाखराला चोचीने हे कसं जमतं याचं नवल करणारं गाणं. हे गाणं आपल्यापैकी कोणाला येत नाही असं होणारच नाही.

रोजच्या जगण्यातले छोटे आनंद या विषयावर हल्ली पुष्कळ पुस्तकं निघतात, ऑफिसात व्याख्यानंही होतात. सकाळी पाच मिनिटं शांत बसा, आज काय चांगलं घडलं ते वहीत लिहा, असं आम्हाला सांगतात. मी अशा एका कार्यक्रमात बसले असताना मनात विचार आला की बहिणाबाईंकडे वहीही नव्हती आणि पाच मोकळी मिनिटंही नव्हती. त्यांचा आनंद कामातून वेगळा काढलेला नव्हता. भाकरी थापताना हाताला चटका बसतो आणि त्यानंतरच भाकर मिळते, ही गोष्ट त्यांना तक्रार म्हणून न दिसता संसाराचा सगळा हिशोब म्हणून दिसली. त्यावरचं त्यांचं गाणं आज महाराष्ट्रातल्या घराघरांत माहीत आहे.

इथे थोडं माझ्या क्षेत्रातलं सांगते, कारण त्याशिवाय पुढची गोष्ट नीट कळणार नाही. लिहिता न येणारी बाई गाणं रचते, तर ते ठेवते कुठे? फक्त डोक्यात. मग रचनाच अशी हवी की ती विसरता येऊ नये. बहिणाबाईंची गाणी मोजून पाहा. बहुतेक गाण्यांत आठ-आठ अक्षरांचे तुकडे सापडतात. कडव्याच्या शेवटी यमक जुळतं. सुरुवातीला अनेकदा एकच शब्द दोनदा येतो आणि तिथेच घरोटाची फेरी लागल्यासारखी चाल पकडते. ही जात्यावरच्या ओवीची जुनी घडण आहे. तिचा उपयोग नुसता गोडव्यासाठी नाही. एखादा शब्द निसटला तर आठ अक्षरं भरत नाहीत, हात अडखळतो आणि चूक तिथल्या तिथे कळते. आम्ही माहिती एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी पाठवताना सोबत एक जादा आकडा जोडतो. पोहोचल्यावर तो जुळला नाही, तर वाटेत काहीतरी बिघडलं हे समजतं. ओवीत ते काम अक्षरांची मोजणी आणि यमक करतात. निरक्षर बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या वापरलेली ही व्यवस्था इंजिनिअरिंगच्या कुठल्याही पुस्तकात मला सापडली नाही, आणि ती सापडायला हवी होती असं मला वाटतं.

आता त्यांच्या आयुष्यातला कठीण भाग. वयाच्या तिशीतच बहिणाबाईंना वैधव्य आलं. पदरात तीन मुलं: ओंकार, सोपान आणि काशी. सोपान तर अगदीच लहान होता. त्या काळात प्लेगच्या साथी वरचेवर येत. ओंकारला प्लेग झाला; तो वाचला, पण कायमचं अपंगत्व आलं. शेती, घर, मुलं आणि लोकांच्या नजरा, सगळं एकटीने. विधवा बाईकडे समाज तेव्हा कसा बघत असे हे आपल्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारलंत तर कळेल.

या काळातलं त्यांचं एक गाणं ज्योतिषाला उद्देशून आहे. नवरा गेला, कपाळाचं कुंकू गेलं, तरी हाताच्या रेषा जिथल्या तिथेच आहेत. मग त्या रेषांत काय वाचणार, तू माझ्या दारी येऊच नकोस, असा त्याचा आशय. माझं दैव मला कळतं, ते तू सांगायला नको, असं एक अशिक्षित विधवा साधारण शंभर वर्षांपूर्वी म्हणते. यात रडणं आहेच, पण ते रडत बसणं नाही. पुन्हा कंबर कसून कामाला लागणं आहे. दुःख झालं म्हणून गाणं बंद पडलं नाही. उलट गाण्यामुळे त्या उभ्या राहिल्या असाव्यात असं मला वाटतं. आपल्यातल्या काहींनी गेल्या काही वर्षांत जवळची माणसं गमावली आहेत. त्यांच्यासाठी मी हा परिच्छेद मुद्दाम लिहिला आहे.

मनाबद्दलचं त्यांचं गाणं आपल्याला शाळेत वाचायला मिळालं. माणसाचं मन कसं ओढाळ असतं, हाकललं तरी पुन्हा पिकात शिरणाऱ्या ढोरासारखं. त्या वयात आपल्याला त्यातलं फक्त ढोर कळलं होतं आणि मागच्या बाकावर त्यावरून हशाही पिकला होता. आता पन्नाशी जवळ आल्यावर मनही कळायला लागलं आहे.

भाषेबद्दल लिहिल्याशिवाय पुढे जाता येत नाही. बहिणाबाईंची भाषा अहिराणी, असं बाहेरचे लोक सर्रास सांगतात. आपल्या जळगाव, यावल, रावेर, भुसावळ भागातल्या लेवा समाजाच्या घरांत बोलली जाते ती लेवा गणबोली. बहिणाबाईंची बोली ही. ‘ळ’ चा ‘य’ होतो, म्हणून जळगावचं जयगाव, डोळ्याचा डोया, केळीची केयी. ‘मला’ ऐवजी ‘मले’. अहिराणी ती धुळे, साक्री, अमळनेर, चाळीसगाव भागातली. तिथे ‘माझा’ चं ‘मना’ होतं आणि ‘तुझा’ चं ‘तुना’. दोघी बहिणी खऱ्या, पण चेहरा वेगळा.

हा फरक मला पुस्तकातून नाही, एसटीतून कळला. इंजिनिअरिंगसाठी मी धुळ्याला होते. जळगावहून निघालेली गाडी गिरणेचा पूल ओलांडून पाळधी, एरंडोल, पारोळा करत धुळ्याला जायची आणि त्या प्रवासात शेजारच्या सीटवरची भाषा हळूहळू बदलत जायची. एरंडोलच्या पुढे ‘मना’, ‘तुना’ ऐकू यायला लागलं की आता निम्मी वाट सरली असं समजायचं. होस्टेलवर साक्री-शिरपूरच्या मैत्रिणी होत्या. बहिणाबाई आमच्या की तुमच्या, यावर रात्री वाद रंगायचे आणि शेवटी दोन्हीकडची गाणी म्हणून मिटायचे. जळगावची कळण्याची भाकरी त्यांना आवडायची आणि त्यांच्या आखाजीच्या गाण्यांनी आम्ही वेडे व्हायचो. त्या मैत्रिणी आज चार देशांत आहेत. फोनवर त्या अजून अहिराणीत सुरुवात करतात, मग मुलं खोलीत आली की भाषा बदलतात.

आता गाणी कागदावर कशी आली ते. सोपान शाळेत गेला, लिहायला-वाचायला शिकला आणि पुढे सोपानदेव चौधरी या नावाने कवी झाला. सांगतात ते असं की शाळेच्या पुस्तकातला सावित्री-सत्यवानाचा धडा त्याने आईला वाचून दाखवला. सकाळी उठून पाहतो तर आईने त्या गोष्टीवर गाणं रचलेलं! मुलगा थक्क झाला. धडा मुलाने शिकायचा होता, पण कविता आईने केली. मग सोपानदेव आणि त्यांचे मावसभाऊ पितांबर चौधरी जमेल तेव्हा ही गाणी वहीत टिपून ठेवू लागले. बहिणाबाई काम करताना गुणगुणायच्या आणि मुलं लिहून घ्यायची. वहीत काय उतरलं हे त्यांना स्वतःला वाचता येत नव्हतं.

जळगावातल्या छापखान्यावरही त्यांचं एक गाणं आहे. कोरा कागद यंत्रात जातो आणि बाहेर येतो तो अक्षरं घेऊन, याचं त्यांना केवढं अप्रूप वाटलं होतं! मी हे गाणं वाचते तेव्हा पुढचं पटकन वाचवत नाही. कारण छापखान्यावर गाणं रचणाऱ्या बहिणाबाईंनी स्वतःची एकही ओळ पुस्तकात छापलेली पाहिली नाही. ३ डिसेंबर १९५१ रोजी जळगावात त्यांचं निधन झालं. तेव्हा त्या एकाहत्तर वर्षांच्या होत्या आणि चौधरी कुटुंब व आसपासची माणसं सोडली तर त्यांना कोणी ओळखत नव्हतं.

त्यांच्या मागे ती वही राहिली. सोपानदेव स्वतः नावाजलेले कवी होते, मोठ्या लेखकांत त्यांची ऊठबस होती, तरी आईची ही खेडवळ बोलीतली गाणी लोकांसमोर ठेवायला त्यांना संकोच वाटत होता. अखेर त्यांनी ती आचार्य अत्र्यांना दाखवली. अत्रे ऐकून भारावून गेले आणि हे पुस्तक झालंच पाहिजे असा त्यांनी आग्रह धरला. त्यांच्याच प्रस्तावनेसह १९५२ साली ‘बहिणाबाईंची गाणी’ प्रसिद्ध झालं. बहिणाबाईंना जाऊन तेव्हा जेमतेम वर्ष होत होतं. ज्या बाईंचं नाव जळगावातही फारसं माहीत नव्हतं ते महाराष्ट्रभर पोहोचलं.

त्यापुढची कहाणी आपल्या ओळखीची आहे. १९६१ च्या ‘मानिनी’ चित्रपटात वसंत पवारांच्या संगीतात त्यांची गाणी आली आणि रेडिओवरून घरोघर गेली. पुढे यशवंत देवांच्या चाली आणि उत्तरा केळकरांचा आवाज असलेली गाणी निघाली; आपल्या पिढीने कॅसेटवर ऐकली ती बहुधा हीच. आमच्या घरची कॅसेट इतक्या वेळा वाजली की टेप सैल व्हायची आणि ती पेन्सिल घालून परत गुंडाळावी लागायची. शाळेच्या पुस्तकात कविता आल्या. जुन्या जळगावात चौधरीवाड्यातल्या त्यांच्या घरात त्यांच्या वापरातल्या वस्तू जपून ठेवल्या आहेत. गावी येतो तेव्हा आपण हॉटेलात शेवभाजी खायला जातो, तसं एकदा तिथेही जाऊन या, मुलांना घेऊन.

आणि विद्यापीठ! आपल्यातल्या अनेकांच्या पदवीवर उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ असं नाव आहे. १९९० साली ते स्थापन झालं. २०१८ साली त्याला बहिणाबाईंचं नाव दिलं गेलं: कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ. आता जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतली मुलं पदवी घेतात तेव्हा कागदाच्या डोक्यावर अशा एका बाईंचं नाव असतं ज्यांना ते नाव वाचता आलं नसतं. मला यात विरोधाभास वाटत नाही, न्याय वाटतो. फक्त तो थोडा उशिरा झाला.

इतकं सगळं चांगलं झालं तरी एक गोष्ट मनातून जात नाही. जे वहीत उतरलं तेवढंच वाचलं. सोपान शाळेत जाण्याआधीच्या किती वर्षांची गाणी तशीच विरून गेली असतील? मुलं घरी नसताना, शेतात एकटी असताना रचलेली किती? आमच्या कामात पहिला नियम असा शिकवतात की ज्याची एकच प्रत आहे ते हरवलेलंच आहे असं समजावं. बहिणाबाईंच्या गाण्यांची कितीतरी वर्षं एकच प्रत होती आणि ती त्यांच्या डोक्यात होती. नंतर एक वही झाली. घरात पाणी शिरलं असतं, वाळवी लागली असती, मुलाचा संकोच आणखी काही वर्षं टिकला असता, तर आज आपल्याला बहिणाबाई हे नावही माहीत नसतं. गाण्यांची थोरवी तेवढीच राहिली असती, फक्त ती कोणाला कळली नसती.

मग दुसरा प्रश्न आपोआप येतो. ज्यांच्या घरी लिहिणारा सोपान नव्हता अशा बहिणाबाई किती होत्या? आसोद्याच्याच पुढच्या गल्लीत एखादी असेल. अमळनेरला शिक्षक असलेल्या सानेगुरुजींना हे फार लवकर उमगलं होतं. त्यांनी बायकांच्या ओव्या जमवून ‘स्त्रीजीवन’ हे पुस्तक केलं. पुढे पुण्यातल्या हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यांत फिरून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. एक लाख! आणि या सगळ्या, जातं थांबल्यानंतरही बायकांच्या आठवणीत उरलेल्या. पिठाची गिरणी गावात आली हे चांगलंच झालं, बायकांचे हात सुटले. पण घरोट थांबला तसा गाण्याचा रोजचा क्लासही थांबला.

माझी आई आता पंचाहत्तरीच्या पुढे आहे, जळगावातच असते. आखाजीची आणि लग्नाची वीस-पंचवीस गाणी तिला यायची. तिला तिच्या आईने दिली, तिला तिच्या आईने. अलीकडे तिला शब्द आठवत नाहीत. चाल मात्र पक्की आहे. भाजी निवडताना ती गुणगुणते, मधली जागा हुंकाराने भरते आणि शेवटचं यमक बरोबर पकडते. गेल्या दिवाळीत मी तिच्याजवळ बसून फोनवर रेकॉर्डिंग केलं. तीन गाणी पूर्ण मिळाली, सात अर्धी मिळाली. त्यातल्या दोन अर्ध्या गाण्यांचे उरलेले शब्द तिच्या बहिणीकडे यावलला सापडले. बाकीच्या पाचांचे कोणाकडे असतील ते शोधते आहे. कदाचित तुमच्यापैकी कोणाच्या आईकडे असतील.

म्हणून या लेखाच्या शेवटी एक काम सांगते. आपल्या बॅचमध्ये साठ-सत्तर जण आहेत. म्हणजे तितक्या आया, मावश्या, आत्या, सासवा. संमेलनाला येण्याआधी त्यांच्यापाशी अर्धा तास बसा. समोर माइक धरला की त्या गप्प होतात, तेव्हा आधी काहीतरी काम हातात द्या, लसूण सोलायला द्या किंवा वाती वळायला, आणि फोन बाजूला ठेवून नुसता चालू करा. सुरुवात तुम्ही बहिणाबाईंच्या गाण्याने करा, पुढचं त्या आपोआप म्हणतील. गाणं कोणाचं, कुठल्या गावचं आणि कोणाकडून आलं हे तीन प्रश्न जरूर विचारा. बोली आहे तशीच राहू द्या. ‘मले’ चं ‘मला’ करू नका, ‘मना’ चं ‘माझा’ तर मुळीच करू नका.

संमेलनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या वेळी मी लॅपटॉप घेऊन सभागृहाच्या दाराजवळच्या टेबलापाशी बसेन. तुमची रेकॉर्डिंग मला द्या. ती गावाप्रमाणे लावून तीन वेगवेगळ्या ठिकाणी जपून ठेवण्याची जबाबदारी माझी. ज्यांना येणं जमणार नाही त्यांनी ग्रुपवर पाठवलं तरी चालेल. आपल्या मराठीच्या बाईही येणार आहेत असं कळलंय. त्यांच्या आवाजातलं एक गाणं मला सगळ्यांत आधी हवं आहे.